कोपरे मऊ येतात

४ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाबांनी आज जेवताना सांगून टाकलं. बाइंडिंगचं दुकान बंद. कटिंग मशीनला गिऱ्हाईक मिळालंय, ते तीस तारखेला उचलून नेणार. बेचाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, बरं झालं, आता आराम करा. मग ताट उचलता उचलता बाबा म्हणाले, मशीन चालू असताना माझा एक फोटो काढशील का. चांगला.

माझ्या शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बाबांनी माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली, पंखा बंद कर.

ही लगेच म्हणाली, उद्या सकाळी फोनवर काढून टाका. काढून टाका म्हणे. कचरा आहे का तो? बेचाळीस वर्षांची मेहनत आणि फोनवर? डोक्यात तिडीक गेली. तिथल्या तिथे जाहीर केलं की बाबांचा फोटो या घरात फोनवर कोणीही काढायचा नाही. मी कॅमेरा घेतोय. रविवारपर्यंत.

ही वहीसुद्धा बाबांनीच बांधलेली. दर वर्षी उरलेल्या कागदांची एक रोजनिशी बांधून देतात. यंदा कोणाच्या तरी पावतीपुस्तकांचा गुलाबी कागद उरला. गुलाबी कागदावर माणूस किती चिडणार. तरी चिडलोय.

५ नोव्हेंबर

ऑफिसात दिवसभर कॅमेऱ्यांचा अभ्यास. साहेब दोनदा मागे येऊन उभे राहिले. राहू देत.

प्रकार दोन. एक छोटा, लेन्स कायमची बसवलेली. बदलता येत नाही, नातेवाइकांसारखी. खिशात मावतो. दुसरा मोठा, लेन्स काढा, दुसरी लावा. दोन्हींच्या बाजूने बोलणारी माणसं इंटरनेटवर एकमेकांच्या जिवावर उठली आहेत. मीही एकाला चार शब्द सुनावले. निर्णय जवळपास झाला. छोटा.

६ नोव्हेंबर

मोठा.

९ नोव्हेंबर, रविवार

कॅमेरा आला नाही, पण तो माझा दोष नव्हे. दुकानात गेलो होतो. कॅमेरावाल्यासमोर अर्धा तास दोन्ही बाजू मांडल्या. तो काउंटर पुसत ऐकत होता. मग विचारलं, फोटो कशाचा काढायचाय. म्हटलं, वडिलांचा. तर म्हणाला, मग कुठलाही घ्या.

कुठलाही! दुकान चालवतो की भाजीची गाडी? तळपायाची आग मस्तकात गेली. काही न घेता बाहेर पडलो. त्याला चांगलीच अद्दल घडली असणार.

बाबांनी विचारलं, कधी काढतोस. म्हटलं, घाई नको.

१२ नोव्हेंबर

साडूकडे गेलो. अपमान गिळून. त्याच्याकडे लेन्स बदलायचा कॅमेरा आणि पाच लेन्सा आहेत. एक ना धड भाराभर चिंध्या. पाचही लेन्सांनी त्याने आजवर फक्त स्वतःची गाडी टिपली आहे. तरी कॅमेरा चार दिवस वापरायला दिला आणि दारापर्यंत येऊन सांगितलं, धुळीत लेन्स काढू नकोस. मला शिकवतो.

१५ नोव्हेंबर, दुपार

साडूचा कॅमेरा घेऊन बाबांच्या दुकानात. बाबा खूश दिसले. स्वच्छ ॲप्रन घालून बसले होते. नेहमीचा ॲप्रन चिकटवायच्या खळीने पुठ्ठ्यासारखा कडक झालेला असतो. चाक फिरवून कागदाचा गठ्ठा दाबला, दांड्याला हात घातला, आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी म्हटलं, थांबा, ही लेन्स जवळून नीट घेत नाही, दुसरी लावतो. बाबा म्हणाले, इथे कागदाचा भुसा उडतो, बाहेर जाऊन लाव. बेचाळीस वर्षं भुशात काढलेला माणूस मला कॅमेऱ्याचं सांगणार. शांतपणे समजावलं की हे तांत्रिक आहे. मशीनशेजारीच लेन्स काढली.

आत भुसा गेला. तेव्हापासून प्रत्येक फोटोत काळे ठिपके, जणू आकाशात माश्या. आकाश नसलं तरी माश्या. या अवस्थेत बाबांचा फोटो घेणं म्हणजे त्यांचा अपमान. घेतला नाही. त्यांनी दांडा ओढून गठ्ठा कापला आणि जुना ॲप्रन घातला.

निष्कर्ष: लेन्स बदलायचे कॅमेरे मुळातच सदोष आहेत.

१६ नोव्हेंबर

साडू फोनवर ओरडला. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाला. मी अजिबात आवाज चढवला नाही. शेजारच्यांनी दार वाजवलं ते दुसऱ्या कारणाने असेल.

२० नोव्हेंबर

छोटा कॅमेरा दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. त्याच कॅमेरावाल्याकडून. मी मोठ्या मनाचा आहे.

साडूच्या प्रकरणातून धडा घेतला. आधी चाचणी, मग बाबा. लेन्सची खरी परीक्षा मध्यभागी होत नाही, कोपऱ्यांत होते. त्यासाठी विटांची भिंत लागते. दुकानाच्या मागेच एक आहे. तिच्यासमोर तिवई लावून चार तास काम केलं. एकाच भिंतीचे दोनशे बारा फोटो. इतक्या गांभीर्याने या भिंतीकडे गवंड्यानेही बघितलं नसेल.

बाबा दोनदा बाहेर आले. पहिल्यांदा विचारलं, उभा राहू का. म्हटलं, आत्ता नको, कोपरे तपासतोय. दुसऱ्यांदा न विचारताच भिंतीशी येऊन उभे राहिले, हाताला खळ तशीच. नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. एक फोटो फुकट. मी ओरडलो, बाबा, बाजूला व्हा, मध्ये येऊ नका. रेघेवर बरोब्बर कापणारा माणूस, त्याला फ्रेमच्या बाहेर राहायला जमत नाही.

झाले बाजूला. दुकानाचं दार लावून घेतलं.

जरा जोरात बोललो बहुतेक. पण चाचणी म्हणजे चाचणी.

२१ नोव्हेंबर

पहिले पन्नासेक फोटो मोठे करून पाहिले. मला संशय होताच. कोपरे मऊ येतात. म्हणजे धूसर. खासकरून डावीकडचा खालचा. ज्या इसमाने व्हिडिओत या लेन्सची स्तुती केली त्याला सविस्तर, कडक पत्र लिहिलं. कॅमेरा परत केला. कॅमेरावाल्याला कोपऱ्याचं सांगितलं तर म्हणाला, कोपऱ्यात कोण बघतं. याला दुकानाचं लायसन कोणी दिलं?

मधल्या काळात भुशाचा नीट विचार केला. दोष कॅमेऱ्याचा नसून जागेचा होता. अंतिम निर्णय: मोठा. एकच चांगली लेन्स घेईन आणि ती कधीच काढणार नाही.

ही म्हणाली, म्हणजे छोटाच झाला की. अज्ञानाशी वाद घालायचा नसतो.

२३ नोव्हेंबर

ऑनलाइन ऑर्डर केली. सत्तावीसला येतो. तीन दिवस हातात, म्हणजे भरपूर. बाबा चहा पिताना मशीनवाल्याच्या ट्रकबद्दल काहीतरी सांगत होते. मी मॅन्युअल वाचत होतो. बरं बरं म्हटलं.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ

पार्सल आलं. आत कॅमेरा, पट्टा, चार्जर. लेन्सच्या जागी एक प्लास्टिकचं झाकण. कंपनीला फोन केला. त्या बाईंनी मला माझीच ऑर्डर वाचून दाखवली: ‘फक्त बॉडी’. इतक्या बारीक अक्षरात लिहितात, लाज वाटत नाही? लेन्स वेगळी मागवावी लागली. एकोणतीसला येईल. तीसच्या आत आहे. घोडं अजून अडलेलं नाही.

बाबांनी झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. म्हणाले, रिकामा आहे.

२८ नोव्हेंबर, दुपारी चार

ट्रक आज आला. सकाळी दहाला.

बाबांचे तीन फोन आले होते. मी तिन्ही कापले, कारण कुरियरवाल्याशी भांडत होतो. दीडला दुकानात पोचलो तर मशीन नाही. फरशीवर चार बोल्टची भोकं आणि एक फिकट चौकोन. बाबा स्टुलावर बसून ॲप्रनची घडी घालत होते. कडक ॲप्रन घडीत बसत नव्हता.

मी भडकलो. तीस म्हणजे तीस, अठ्ठावीस कशी? बाबा म्हणाले, तुला रविवारी सांगितलं होतं, ट्रक दोन दिवस आधी येणार म्हणून. ट्रकवाल्याला सुनावायला रस्त्यावर गेलो. तो केव्हाच निघून गेला होता. पानाच्या टपरीवाल्याला सुनावलं.

घरी येऊन हिला विचारलं, तू सकाळी तिथे होतीस ना, मग फोनवर एक तरी काढायचा. ही म्हणाली, बाबांनीच सांगितलं, नको, तो चिडेल.

तो म्हणजे मी.

२९ नोव्हेंबर

लेन्स आली. उत्तम लेन्स आहे. साडूला तिचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर: वरातीमागून घोडं. ब्लॉक केलं.

बाबांना म्हटलं, चला, काढू. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. पाठ ताठ. हात गुडघ्यावर ठेवले, मग मांडीवर, मग हाताची घडी घातली. मला विचारलं, हात कुठे ठेवू.

कॅमेरा खाली ठेवला. खूप राग आला, आणि या वेळी तो कोणावर टाकावा ते सुचेना.

मग बाबा उठून आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मशीनवरचं शेवटचं काम, म्हणाले. ट्रक दारात उभा असताना कापलं. काळ्या जाड कागदाचा अल्बम, चोवीस पानं, चारही कडा सरळ. म्हणाले, तू इतके दिवस फोटोंच्या मागे आहेस, एकात मावतील ना?

३० नोव्हेंबर

आज कॅमेरावाल्याशी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं होतं. त्याच्याच कॅमेऱ्यामुळे सगळा उशीर झाला. पुरावा हवा म्हणून भिंतीचे दोनशे बारा फोटो पुन्हा उघडले. कार्ड माझंच होतं. एकेकाचा डावा खालचा कोपरा मोठा करून पाहत गेलो.

एकशे सदतिसावा.

कोपऱ्यात बाबा आहेत. कडक ॲप्रन, खळीने माखलेला हात अर्धवट वर, अर्धा चेहरा. कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. त्यांना वाटलं असणार, शेवटी काढतोय. पुसट आहेत. मागची वीटन् वीट मोजता येते आणि बाबा पुसट आहेत.

म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. या लेन्सचे कोपरे मऊ येतात.

कॅमेरावाल्याकडे गेलो. भांडलो नाही. एक प्रिंट काढून घेतली. बाबांच्या वाडग्याच्या तळाशी थोडी खळ उरली होती, तिने अल्बमच्या पहिल्या पानावर चिकटवली आणि बाबांसमोर ठेवली.

बाबांनी चष्मा पुसला. अल्बम जवळ धरून पाहिला. म्हणाले, भिंत छान आलीये.