चीनला मीठ नेऊ नये

आबा, चीनला जाताना काय काय न्यायचं असतं हे तुम्हाला विचारण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. तुम्ही फार लांब गेलात ते लग्नांच्या सीझनमध्ये रावेरपर्यंत, तेही टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून, पातेल्यांच्या मधे. पण मी ज्याला ज्याला विचारतो तो वेगळंच सांगतो, आणि प्रत्येकाचं ऐकून मी बॅग भरतो, पुन्हा उपसतो. आज कारखान्याला सुट्टी आहे, लाईट गेलीय, जळगावच्या या खोलीत मी काम करतो त्या कारखान्याच्याच चटईवर बसलोय आणि समोर सगळं पसरलंय. माय कालच धुळ्याहून आली. ती स्टोव्हपाशी बसून काळ्या मसाल्याच्या पुड्या बांधतेय. परवा निघायचं आहे. अजून मला नक्की कळत नाही की मी जातोय की नुसती बॅग भरतोय.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, म्हणून पुढचं थोडं सांगतो. मायने मला इंजिनिअरिंगला घातलं, धुळ्यालाच. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या वेळी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा इथे कशाला आलाय, याला पान्हा धरता येत नाही." मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं, बाहेर पडलो आणि परत गेलोच नाही. पान्हा मला धरता येत होता, आबा. मग जळगावला एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात लागलो. माग चीनचे. ते बसवायला तिकडचा एक माणूस आला होता, त्याला मराठी नाही, मला चिनी नाही, आणि आम्ही दोघं महिनाभर हातवारे करत एकाच मशीनच्या पोटात डोकं घालून बसायचो. जाताना तो शेठला काहीतरी बोलला. आता ते मशीनवाले मला दीड वर्षासाठी बोलावतात. तिथे शिकायचं आणि इकडच्या गिऱ्हाइकांच्या मशीनचं फोनवर बघायचं. शेठ म्हणाले, "नशीब काढलंस भाऊ." मी हो म्हटलं. हो मी पटकन म्हणतो, हे तुम्हाला माहीत आहे.

शेठचा पुतण्या तिकडे राहून आलाय. त्याने मला समोर बसवून सांगितलं, गरम कपडे इथून नेऊ नको, तिकडे स्वस्त आणि चांगले मिळतात, पण आतले बनियन ने. बूट ने, कारण आपल्या मापाचा पाय तिकडे दुकानदाराला दिसला की तो हसतो. दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर घे. गोळ्या-औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. फळं, भाजी, बियाणं, दूध-तूप काही नेऊ नको, विमानतळावर काढून घेतात. कागदपत्रांचे फोटो फोनमध्येही ठेव आणि घरीही ठेवून जा. राहण्याचा पत्ता त्यांच्या अक्षरात छापून खिशात ठेव, रिक्षावाल्याला दाखवायला. "आणि फोन," तो म्हणाला, "आपलं मेसेजचं ॲप तिकडे चालत नाही. त्यांचं इथूनच टाकून घे. ज्याच्याशी बोलायचं त्यालाही आधीच टाकायला सांग." मी विचारलं, "आणि त्याने नाही टाकलं तर?" तो हसला. "त्याने की तिने?"

मायचं वेगळंच. तिला वाटतं चीन म्हणजे उपास. "काय खाशी रे तू तठे? बठ्ठं लई जाय," सगळंच घेऊन जा म्हणत ती कुरडया, ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, ठेच्याची बरणी, छोटा कुकर असं एकावर एक ठेवत जाते. काल मी बॅग शेजारच्या डाळ मिलमध्ये नेऊन काट्यावर ठेवली. तिथला हमाल म्हणाला, "भाऊ, तूरडाळ असती तर सांगितलं असतं कमी भर. यात काय भरलंय, नवरी?" मी त्याच्यावर भडकणार होतो, पण त्याचं बोट काट्यावर होतं आणि काटा खरंच फार पुढे गेला होता. कुकर काढला. कुरडया काढल्या. बूट ठेवले. खोलीवर आलो तर मायने कुकर परत आत घातला.

अशा वेळी तुमची गोणी आठवते. लग्नाला निघताना तुम्ही ती अंगणात पसरायचात: दोन झारे, सुऱ्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या, मसाल्याचा डबा, पुरचुंडी बांधायचं मलमलचं फडकं, आणि एक सदरा, पंगतीत बसायचा. मी मधे मधे करायचो, मिठाचा डबा आणून ठेवायचो, आणि दरवेळी तुम्ही तो बाजूला करायचात. "बठ्ठं बांध, मीठ राहू दे. मीठ त्यासनं." मीठ ज्याच्या घरी जायचं त्याचं. तिथे पोचल्यावर चूल पेटवायच्या आधी तुम्ही घरातल्या बाईपुढे ओंजळ करायचात आणि ती मीठ घालायची. मग कामाला हात. मला वाटायचं, कंजूसपणा. मायला विचारलं तर ती म्हणायची, तुझ्या बापाला विचार. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणायचात, कांदे सोल.

रावेरचं ते लग्न तुम्हाला आठवत असेलच. मी दहा-अकरा वर्षांचा, सुट्टीत तुमच्याबरोबर आलेलो. बाहेर केळीच्या गाड्या भरत होत्या, आणि आत मांडवामागे वरण उकळत होतं, बट्ट्या तळणं चालू होतं. नवरीचा मामा आला, पातेल्याचं झाकण उचललं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तूप भाजीत मुरतंय का आचाऱ्याच्या गोणीत, बघून ठेवतो." तुम्ही झारा हलवत राहिलात. मी मात्र हाताशी असलेलं हिरवं वांगं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. काटे असलेलं. तुम्ही माझा कान धरलात. ओरडला नाहीत, कानाशी येऊन म्हणालात, "मीठ टाकानी घाई करू नको. टाकेल मीठ काढता येत नही." टाकलेलं मीठ काढता येत नाही, हे तुम्ही स्वयंपाकाचं बोलताय असं मला वाटलं.

शेवटच्या पंगतीला तुम्ही सदरा बदललात आणि नेमके त्या मामाच्या शेजारी जाऊन बसलात. मला म्हणालात, बस. मी म्हटलं, मी यांचं खाणार नाही. तुम्ही म्हणालात, आचारी उपाशी निघाला तर गाव काय म्हणेल, अन्नातच काही होतं म्हणेल, त्यांचं नाक जाईल. मी म्हटलं, जाऊ दे त्यांचं नाक. तुम्ही दुसऱ्यांदा बस म्हणाला नाहीत. बट्टी कुस्करलीत, वर वरण घेतलंत, आणि त्या मामाशी केळीच्या भावाबद्दल बोलत जेवलात. परतताना टेम्पोत माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि जवळ फक्त मसाल्याचा डबा. तुम्ही मला काहीही दिलं नाहीत. धुळं येईपर्यंत काहीही नाही.

आता तिचं सांगतो. तुम्ही असता तर हे बोललोच नसतो, म्हणून लिहितोय. ती कॉलेजात माझ्या वर्गात होती. मी सोडलं, तिने पूर्ण केलं, आता धुळ्याला एका ऑफिसात हिशेब बघते आणि रोज सोनगीरहून येते-जाते. तिच्या वडिलांचं तिथे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, दुकानामागेच घर, घरामागे किल्ला. मला तिच्याशिवाय काही सुचत नाही. मशीनवर धागा तुटला तरी वाटतं तिने काहीतरी म्हटलं असेल. उन्हाळ्यात तिने मला घरी बोलावलं, वडिलांना भेटायला. त्यांनी जेवायला बसवलं, चांगलं पाट-बीट मांडून. दोन घास झाले असतील. "शिक्षण?" "सोडलं." "काम?" "चटईच्या कारखान्यात." "वडील?" "नाहीत. आचारी होते." त्यांनी शांतपणे पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हणजे बाप वाढायचा आणि पोरगा बसायला अंथरतो. पंगतीची सोय झाली."

मी उठलो. भरल्या ताटावरून उठलो, हात न धुता. पायाने तांब्या उडाला, तो अंगणातून घरंगळत पार रस्त्यापर्यंत गेला आणि त्या पितळी गावात त्याचा एवढा आवाज झाला की समोरच्या दुकानातली हातोडी थांबली. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगू, अजूनही अर्धंच वाटतं. तुमच्याबद्दल कोणी तसं बोललेलं मी ऐकून घ्यायचं होतं?

तिने नंतर फोनवर सांगितलं, "बाबा त्या तांब्यावरून चिडलेले नाहीत. ते सगळ्यांना एकच सांगतात, पोरगा ताट टाकून गेला. आई ते ताट घेऊन किती वेळ उभी होती, माहितेय?" मी म्हटलं, "आणि ते बोलले ते?" ती म्हणाली, "ते चुकलेच. पण ताट आईने वाढलं होतं." मी फोन ठेवला. मग चीनचं ठरलं. मी तिला म्हटलं, ते ॲप टाकून घे, नाहीतर दीड वर्ष बोलता येणार नाही. ती म्हणाली, "आधी सोनगीरला येऊन जेव, मग टाकते. दीड वर्ष मी घरात काय सांगून थांबू? उठून गेलेल्या माणसासाठी थांबलेय, असं?" अमळनेरचा एक मुलगा बघायला येणार आहे, हेही तिने तेव्हाच सांगितलं. आबा, माझ्या डोक्यात जे झालं ते तुम्हाला सांगायला नको, ते डोकं तुम्ही कानाला धरून हलवलेलं आहे. तिकीट फाडणार होतो. पण तिकीट फोनमध्ये असतं.

गेल्या रविवारी मी सोनगीरला गेलो. का गेलो ते मला बसमध्ये बसेपर्यंत कळलं नव्हतं, आणि उतरल्यावर पुन्हा कळेना. दुकानात तिचे वडील एका घागरीचा पोचा काढत होते. मी म्हटलं, "जेवायला आलोय." त्यांनी घागर फिरवली. "आज पुरं खाणार का?" मी म्हटलं, "हो." ते आत बघून म्हणाले, "वाढा गं. तांब्या जरा लांब ठेवा."

बसलो. तिची आई वाढायला आली आणि मी, तुमचं पाहून पाहून, काही ठरवून नाही, आधी हात पुढे केला आणि म्हटलं, "काकू, आधी मीठ." माझ्या लक्षातही आलं नाही. पण तिचे वडील थांबले. म्हणाले, "असं करणारा एकच माणूस मी पाहिलाय. धुळ्याचा आचारी. टेम्पो घेऊन पातेली घ्यायला यायचा. घासाघीस अशी करायचा की दुपार जायची, मी दोनदा त्याला दुकानातून हाकललाय. आणि एवढं भांडून झालं की इथेच, या भिंतीला टेकून जेवायचा. आधी मीठ मागायचा." मग माझ्याकडे बघत राहिले. "तो तुझा बाप?"

मी मान हलवली. काकूंनी हातावर मीठ घातलं, ते मी ताटात ठेवलं. तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत, आबा. आपल्या घरातलं मोठं पातेलं कुठून आलं हेही मी कधी विचारलं नाही. तिचे वडील मग बरंच बोलले, पण उन्हाळ्यातल्या त्या बोलण्याबद्दल एक शब्द नाही. मीही नाही काढला. ती भाजी वाढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "सगळं संपव, येड्या." मी सगळं संपवलं. निघताना वडिलांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दीड वर्ष. ते म्हणाले, "बरं. आल्यावर जेवायला ये."

याचा अर्थ काय घ्यायचा? तिला विचारलं तर म्हणते, बाबा असं कुणालाही म्हणत नाहीत. मग अमळनेरवाल्याला नको म्हणून कळवलं का? तर नाही, शब्द दिलाय, तो येऊन पोहे खाऊन जाणार. आणि तिने काल ते ॲप टाकलं, तर ते म्हणतं, आधीपासून वापरणाऱ्या कोणाची तरी ओळख लागेल. माझी ओळख चालत नाही, मी नवीन. आता शेठच्या पुतण्याला हात जोडून सांगायचं आहे की बाबा, तिची ओळख तू दे. तो किती हसेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. आणि मी चिडायचं नाही, असं ठरवलंय. बघू.

बॅग पुन्हा भरली. कुकर यावेळी मी स्वतःच राहू दिला, मायचा चेहरा बघून. बूट काढले, तिकडे हसतील तर हसतील. मसाला आहे, बनियन आहेत, त्यांच्या अक्षरातला पत्ता आहे. आणि एक छोटी पुडी आहे. रविवारी ताटातलं उरलेलं चिमूटभर मीठ मी कोणी बघत नाही असं पाहून एसटीच्या तिकिटात बांधलं. म्हणजे तुम्ही सांगितलं ते मी मोडतोय, मीठ नेतोय. पण ते आपल्या घरचं नाही, म्हणून चालेल, असं मी धरून चाललोय. चालेल का, ते तुम्ही सांगणार नाही. कांदे सोल म्हणाल.

माय विचारतेय, केव्हाचा काय लिहितोस. मी म्हटलं, काय काय घेतलं ते. लाईट आली, पंखा फिरायला लागला, आणि पुड्यांवरचे कागद उडायच्या आत मला हा कागदही कुठेतरी ठेवायला हवा. बॅगेत नाही. धुळ्याच्या घरातल्या त्या मोठ्या पातेल्यात ठेवायला मायजवळ देईन, घडी घालून, तिला वाचता येत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी रावेरला मला जेवायचं होतं. तुम्ही अजून एकदा बस म्हणाला असतात, तर मी बसलो असतो.