कॅप्टनचं टेबल

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी आणि खाली सही, एवढ्याला पत्र म्हणायचं असेल तर मी शिवलेल्या पिशवीलाही झगा म्हणायला हरकत नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस दिवसभर वरखाली करतो, मान्य. पण मधेच एखाद्या मजल्यावर टेकून बहिणीला पानभर लिहायला काय होतं? असो. भांडण पुरे, आता मुद्द्याचं लिहिते.

बाबा जेवत नाहीत. म्हणजे जेवायला बसतात, पण जेवत नाहीत. आई जाऊन वर्ष होत आलं. माझ्याकडे राहायला यायला ते तयार नाहीत. माझ्या शिलाईयंत्राच्या खडखडाटाने डोकं दुखतं म्हणे. मी डबा पाठवायचे, तर तो होता तसा परत यायचा. शेवटी मी डोकं चालवलं आणि कोपऱ्यावरच्या बारमध्ये त्यांचं रात्रीचं जेवण ठरवून टाकलं. बार म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नकोस. पुढे बियरचे नळ आहेत आणि मागे आठ टेबलांचं स्वच्छ जेवणघर, तिथे बायकामुलंही येतात. मालकीणबाईही बाबांना कॅप्टनच म्हणतात. उभा जन्म मोठ्या हॉटेलात आधी वेटर आणि मग सगळ्या वेटरांचा कॅप्टन म्हणून काढलेल्या माणसाला हॉटेलात जेवायला धाडतेय, याचं त्यांना आधी हसूच आलं.

आता हसत नाहीत. परवा मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कॅप्टन वेळेवर येतात, इस्त्रीचा शर्ट घालून. सूप मागवतात, तळलेला मासा मागवतात, वाढणाऱ्या मुलीची चौकशी करतात, आणि सगळं गार करून, रुमालाची नीट घडी घालून उठतात. वर स्वयंपाक्याला छान झालं होतं असा निरोपही देतात. मला वाटलं, तिथलं आवडत नसेल. म्हणून बाजारापलीकडच्या जेवणघरात नेलं, मग नदीजवळच्या बागेतल्या हॉटेलात. सगळीकडे तीच तऱ्हा.

डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडत नाही. मला मात्र सापडतं, कारण त्यांच्या पँटी कमरेत आवळायला माझ्याकडेच येतात. आवळून आवळून आता मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला आलेत. मी वरवर चेष्टा करते आहे, पण मला फार भीती वाटते रे. आईच्या मागोमाग निघालेत की काय, असं सारखं मनात येतं.

तू मागे म्हणाला होतास तसं त्यांना तुझ्याकडे न्यायचं का? विषय काढला की ते खिडकीबाहेर बघतात आणि हवा कशी आहे ते सांगतात. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. लोभ आहेच, तो पानभर लिहून दाखव.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे बघ, आज चांगलं पानभर लिहितोय. मोजून घे, आणि भावजींनाही दाखव, म्हणजे ते मला आळशी म्हणायचे थांबतील.

तुझं पत्र वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. बायकोला वाचून दाखवलं, तर ती पत्र संपायच्या आत उठून मागची खोली आवरायला लागली. रविवारी आम्ही ती रंगवली. फिकट पिवळा रंग दिलाय, कारण बाबांना पांढऱ्या भिंतींनी दवाखान्यासारखं वाटतं. खाट आणली. तिच्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंशी ती बोलूनही आली. मी रजा टाकली आहे, २८ तारखेला येतो आणि त्यांना घेऊन जातो. नाही म्हणाले तरी नेणार. तुझ्यासारखं मला गोड बोलून काम काढता येत नाही, पण बॅगा उचलता येतात.

खरं सांगू? मला ते इथे हवेतच. लहानपणी ते कामावरून यायचे तेव्हा मी झोपलेला असायचो आणि मी शाळेला निघायचो तेव्हा ते झोपलेले. आता ते मोकळे आहेत तर मी इतका लांब. तू रोज त्यांना बघतेस याचा मला कधीकधी हेवा वाटतो.

तोपर्यंत एक कर. ते तिथे एकटे बसून आईची आठवण काढत असणार, दुसरं काय. तू सोबत जाऊन बस. त्यांना आधी अर्धा ग्लास बियर पाजून बघ, भूक तरी खवळेल. भावजींना नेऊ नकोस, ते बाबांच्या वाटणीचंही संपवतील. हे वाक्य मात्र त्यांना दाखवू नकोस. पत्राची वाट बघतो. माया कर, रागावलीस तरी चालेल.

तुझा
धाकटा


१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे सलग तीन संध्याकाळी बाबांबरोबर बारमध्ये गेले. आता माझी तिथे इतकी ओळख झालीय की नळावरचा माणूस मला बघून हात करतो. तुझे भावजी म्हणतात, बायको हाताबाहेर गेली.

पहिल्या दिवशी मी घरून जेवूनच गेले होते. म्हटलं, आपलं लक्ष सगळं त्यांच्याकडे हवं. एक कॉफी घेतली आणि बघत बसले. बाबांचं सूप आलं. चमचा उचलला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून इकडेतिकडे बघितलं. बाबांचा चमचा खाली. वाढणारी मुलगी त्या बाईंकडे पोचेपर्यंत यांची नजर हलली नाही. पुन्हा चमचा उचलला, तर दारातून चौघं आत आली आणि कुठे बसावं म्हणून घुटमळली. चमचा खाली. मग कुणाचा ग्लास रिकामा झाला, कुणाला मीठ हवं होतं. अरे, तू म्हणतोस तसं ते तिथे आठवणी काढत बसत नाहीत. ते तिथे ड्यूटीवर असतात!

मी त्यांना म्हटलं की तिला पगार मिळतो, तिचं ती बघेल, तुम्ही जेवा. तर म्हणाले, समोर माणसं खोळंबलेली असताना हात तोंडापर्यंत जातच नाही. मला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. काय अक्कल सुचली मला. नजर बंद झाली तर कान उघडले. खुर्ची सरकली की यांची मान वळते, चमचा पडला की हे अर्धे उठतात. तिसऱ्या दिवशी तर कळसच झाला. शेजारच्या गृहस्थांनी सुरी-काटा ताटलीत शेजारी शेजारी ठेवला, आणि बाबांनी उठून ताटली उचलून थेट आत नेऊन ठेवली. तसं ठेवलं म्हणजे जेवण झालं, अशी यांच्या कामातली खूण. त्या बिचाऱ्याला ती कुठली माहीत. तो खिशात रुमाल शोधत होता आणि निम्मी कोंबडी शिल्लक होती. मालकीणबाईंनी त्याला नवी ताटली दिली आणि मला शांतपणे सांगितलं की कॅप्टनबद्दल आदर आहे, पण असं पुन्हा झालं तर दुसरीकडे सोय बघा.

बाबांना फार लागलं. घरी दूध दिलं तर तेही अर्धंच घेतलं. मी हरले रे. तू ये आणि ने त्यांना. मला इथे करमणार नाही, पण ते जेवले तर मी ते सोसेन.

तुझी
ताई


२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

घाईत लिहितोय. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि एकच विचारायचं आहे. तीन संध्याकाळी गेलीस, तू काय जेवलीस?

पहिल्या दिवशी घरून जेवून गेलीस हे तूच लिहिलंयस. पुढच्या दोन दिवशीही तेच केलं असशील, मी तुला ओळखतो. म्हणजे बाबांच्या समोर तीन दिवस एक माणूस रिकामं टेबल घेऊन बसलं होतं, वर त्यांच्या तोंडाकडे बघत. अशा वेळी मीसुद्धा जेवलो नसतो.

आपल्या घरी काय चालायचं ते आठव. सुट्टीच्या दिवशी आई आधी बसायची आणि बाबा तिला वाढायचे. तिचं झालं की मगच स्वतः बसायचे. ती चिडायची, घरात तरी कामावरून या म्हणायची, आणि दोन घास जास्त जेवायची. आपण खिदळायचो. मला वाटतं आपण हसलो आणि बघायचं राहून गेलं.

एकदा उपाशी जा. खोटं खोटं नको, खरोखर भूक लागलेली. जमलं तर ठीक. नाही जमलं तर २८ ला मी आहेच. खोलीचा रंग वाळलाय.

तुझा
धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर क्वचित येते, कारण घरातला पत्रव्यवहार ताईने ताब्यात घेतला आहे. तुम्ही दोघं माझ्याविषयी काय लिहिता याची मला कल्पना आहे. मी म्हातारा झालो आहे, बहिरा नाही.

काल ताई कोपऱ्यावर आली ती दुपारपासून न जेवता. उपाशी माणूस मला दारातूनच कळतो. तो आधी मेनू बघत नाही, दुसऱ्यांच्या ताटल्या बघतो. मी तिला सांगितलं की कोंबडी घेऊ नकोस, वेळ लागेल, सूप आणि मासा घे. बटाटे जास्तीचे मागवले. आधी तिच्या वाटीत सूप वाढलं, पाव पुढे केला, मासा तिच्या बाजूला सरकवला. ती शाळेतून आल्यावर जेवायची तशीच जेवली, मान खाली घालून, न बोलता. तिची वाटी रिकामी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझीही झाली आहे. मागे कोण कुणाला हाका मारत होतं, मला सांगता येणार नाही.

ती विचारत होती की आज कसं जमलं. तिला सांगितलं ते तुलाही सांगतो. आमच्या कामात हॉलमधली टेबलं वाटून दिलेली असतात. आपलं टेबल सोडून दुसऱ्याच्या टेबलाकडे बघायचं नाही, नाहीतर दोन्हीकडची माणसं खोळंबतात. घरी तुझी आई हे माझं टेबल होतं. ती गेल्यावर तुम्ही मला एकट्याला बसवलंत. मग माझ्या वाट्याला टेबलच उरलं नाही, आणि सगळा हॉल माझ्या अंगावर आला. यात तुमची चूक नाही. मलाही हे कालच कळलं.

ताईने ठरवलं आहे की आता यंत्र बंद करून रोज ती माझ्याबरोबर जेवणार. जावईबापूही येणार म्हणतात, ते आले तर बटाटे आणखी मागवावे लागतील. मालकीणबाईंची मी त्या ताटलीबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, विसरा.

आता तुझ्या खोलीबद्दल. रंग फिकट पिवळा दिलास हे ऐकून बरं वाटलं. पण मी राहायला येणार नाही. तू आणि सूनबाई कोणत्या वेळी जेवता हे तू कधी लिहिलेलं नाहीस, आणि लिहिलं नाहीस म्हणजे तुम्ही एकत्र बसत नाही. तू कामावर, ती हॉस्पिटलात, मी त्या पिवळ्या खोलीत कुणाला वाढू? तुला वाईट वाटेल. मलाही वाटतं. तुझं लहानपण माझ्या हातून निसटलं, ते आता तुझ्याकडे येऊन राहिल्याने भरून येणार नाही. त्यापेक्षा रजा टाकलीच आहेस तर ये, आणि सूनबाईंना घेऊन ये. २८ तारखेला मी पाच जणांचं टेबल सांगून ठेवलं आहे. नेण्यासाठी येऊ नकोस, जेवायला ये.

आणखी एक लिहायचं होतं. काल ताईचं जेवण माझ्या आधी संपलं. तिला घरी कामं होती, तरी मी शेवटचा बटाटा संपवेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं जेवण संपायची वाट बघत उभा राहिलो. माझं संपायची वाट बघणारं एकच माणूस होतं आणि ते गेलं, असं मी धरून चाललो होतो.

सूनबाईंना आशीर्वाद. वाटेत काही खाऊ नका.

तुझा
बाबा