डब्यातली पांढरी पूड

मंगळवार, ९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे? हे आधीच विचारायला हवं होतं. तू माहेरी गेलीस त्याला महिना झाला. त्यांना बरं नाही म्हणून गेलीस असंच मी सगळ्यांना सांगत आले.

आईचा गुडघा ठीक आहे. दादा स्वतःचा डबा स्वतः भरतो आणि झाकण रोज घरी विसरतो. बेकरीतल्या बायका तुझी चौकशी करतात. नवीन बाईने मळलेल्या कणकेचे पाव दगडासारखे होतात म्हणे.

मुकादमाचं वजन अडीच किलोने उतरलं. सकाळी त्याच्यापुढे गाजर ठेवलं की शेपूटही न हलवता आधी गाजराकडे बघतो, मग माझ्याकडे, जणू मी त्याची थट्टाच करतेय. काखेतली गाठ आहे तेवढीच आहे. दर रविवारी टेपने मोजते. पण अंगावरचं मांस कमी झाल्यामुळे ती पायाला घासत नाही. आता जिना न थांबता चढतो.

वहिनी, ती गाठ तूच आधी चाचपली होतीस. म्हणालीस, "मऊ आहे गं, बोटाखाली सरकते. फुगलेल्या कणकेसारखी. रुतलेली नाही." मी म्हणाले, "तू काय डॉक्टर आहेस?" मग जनावरांच्या डॉक्टरबाईंनी सुई घालून पाहिलं, तर नुसती चरबी निघाली. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय अशक्त आहे, भूल द्यायला नको. गाठ जागच्या जागी राहू दे. वजन उतरवा, मोजत राहा, वाढली किंवा घट्ट झाली तर या.

मला ते पटेना. औषध नाही, कापाकापी नाही, म्हणजे काहीच न करणं, असं वाटायचं. रात्रंदिवस तीच धास्ती. म्हणून दुकानातून पुडीचा तो डबा आणला. त्यावर छापलं होतं: 'शस्त्रक्रियेविना गाठी विरघळतात.' घरात वाचता येणारी मी एकटी. दादाने विचारलं तेव्हा मी "ताकदीची पूड आहे" म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मुकादम ओकायला लागला. माझ्या वहीत तारीख आहे: पूड सुरू सोमवारी, उलटी बुधवारी. मी स्वतः लिहिलं होतं. तरी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी पावाच्या कडा चारते, त्यानेच झालंय. पुस्तकात लिहिलंय." दादा म्हणाला, "शिकलेली आहे, उगाच नाही बोलणार." तू ताट उचललंस आणि मुकादमाला चमच्याने पाणी पाजत बसलीस.

दोन दिवसांत तो सावरला आणि मग तू माहेरी गेलीस. मी पूड देतच होते, म्हणून मला वाटलं, पुडीचाच गुण. शेजारच्या काकूंनाही त्यांच्या कुत्रीसाठी तोच डबा घ्यायला सांगितलं. गेल्या शुक्रवारी मोठ्या ऐटीत डबा घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी चिमूटभर पूड बोटावर घेतली, वास घेतला आणि हसायला लागल्या. "अगं, हा मैदा आहे!"

मग सगळं सांगितलं. तू डबा पदराखाली लपवून त्यांच्याकडे गेली होतीस. "मला वाचता येत नाही बाई, यात काय आहे ते वाचा." त्यांनी वाचलं, कुत्र्याला विषच आहे म्हणाल्या आणि फेकून द्यायला सांगितलं. तू म्हणालीस, पूड ओतून देते आणि डब्यात मैदा भरून ठेवते. त्यांनी विचारलं, घरी का सांगत नाही? तर तू म्हणालीस, "आमच्यात वाचणारी ती एकटी. तिच्या वाचण्यावरचा विश्वास उडाला, तर आम्ही कागद घेऊन कुणाच्या दारात जायचं?"

घरी येऊन मी वहीतल्या तारखा पुन्हा वाचल्या.

मुकादम जगला तो तुझ्यामुळे. आणि माझी लाजही तू राखलीस, स्वतः माझ्या तोंडचं ऐकून घेऊन. तुझे आभार कसे मानायचे ते कुठल्या शाळेत शिकवलं नाही मला.

काकूंकडे त्याच दिवशी धावत गेले. त्यांनी अजून डबा फोडला नव्हता. काल रात्री जेवताना आईला आणि दादाला सगळं सांगितलं, वहीसकट. आई म्हणाली, "माझ्या सुनेला बोल लावताना जीभ कशी झडली नाही गं तुझी?" दादाने हात धुतले. थोड्या वेळाने त्याने गाडीच्या वेळा वाचून दाखवायला सांगितल्या. तो रविवारी तुझ्याकडे येतोय. मी येणार नाही. तू 'ये' म्हणालीस तरच येईन.

हे पत्र तुझी धाकटी बहीण वाचून दाखवेल. तिला सांग, एक ओळही गाळायची नाही आणि आवाज खाली आणायचा नाही. घरातल्या सगळ्यांना बसवून वाच म्हणावं. मी बोलले होते ते चारचौघांत. हेही चारचौघांतच ऐकलं जाऊ दे.

तुझी
(नणंद म्हणायचं की नाही, ते तू ठरव)