बाईसाहेबांचं माप

१ मार्च

गेली. सातच्या बसनं. लेकीचे दिवस भरत आलेत, आता चाळीस दिवस तरी मुक्काम तिकडेच. बस सुटता सुटता खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, आणि तेही मला नव्हे, माझ्या मेव्हण्याला — "बाईसाहेबांकडे लक्ष ठेव रे!" बाईसाहेब म्हणजे हिची घोडी. बुटकी, पोटाळ, वय वर्षं चोवीस. नवऱ्याकडे लक्ष ठेवायला कुणालाच सांगितलं नाही.

जाताना माझ्या हातात चार पानांचा कागद कोंबलाय. कोंबड्या, अकरा मेंढ्या, एक मेंढा, एक घोडी. कुणाला काय, किती आणि कोणत्या भांड्यात. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले मी. मेंढ्यांना दाणा घालायला मला कागद लागत नाही. ठेवून दिला खणात.

२ मार्च

कागद काढला.

३ मार्च

मेंढ्याला आम्ही वकील म्हणतो, कारण तो समोरच्याला बोलूच देत नाही. आज मी वाकून पाण्याचं टाकं घासत होतो. मागून अशी काही धडक दिली की मी सरळ टाक्यात! बूट, पँट, गळ्यातली टेप, सगळं ओलं. कपडे बदलून कागद उघडला. पान दुसरं, ओळ पहिली, खाली दोन रेघा ओढलेल्या: "वकिलाकडे पाठ करू नका."

ही ओळ पान पहिल्यावर लिहायला काय झालं होतं?

बाईसाहेबांनी सकाळचं घमेलं तोंडही न लावता तसंच ठेवलंय. नखरे, दुसरं काय.

५ मार्च

नखरे नाहीत. तीन दिवस झाले, घोडी धड खात नाही. पाणी पिते, गवताच्या दोन काड्या चघळते आणि तबेल्याच्या अर्ध्या दारावर मान टाकून बसच्या रस्त्याकडे बघत राहते. खुराकाचं घमेलं जसंच्या तसं परत येतं.

हिचा फोन आला. पहिला प्रश्न, बाईसाहेब कशा आहेत. मी म्हणालो, एकदम मजेत. दुसरा प्रश्न, तुम्ही? मी म्हणालो, मीही मजेत. एका फोनमध्ये दोन थापा.

हिनं ही घोडी आणली तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, या घरात एक तर ती राहील नाहीतर मी. ही म्हणाली, मग तुमची बॅग भरू का? अकरा वर्षं झाली, तिघंही राहतोय. आता हिच्या पाठीमागे घोडीला काही बरंवाईट झालं तर ही मला एक शब्द बोलणार नाही. त्याचीच भीती आहे. बोलली तर निभावून नेईन. ही गप्प बसली की माझं काही चालत नाही.

७ मार्च

जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. दात पाहिले, पोटाला नळी लावून ऐकलं, शेपटी वर करून पाहिलं. घोडी ठणठणीत. म्हणाला, "आठवण काढतेय." मी म्हणालो, त्यावर औषध? म्हणाला, असतं तर मी श्रीमंत झालो असतो.

मग मात्र गंभीर झाला. या वयात वजन एकदा उतरलं की परत चढणं कठीण. रोज पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा. बावन्न इंचांच्या खाली गेला की ताबडतोब फोन करायचा. आणि मला विचारतो, "टेप आहे का घरात?"

मला! गळ्यातली काढून दाखवली. छाती साडेछप्पन्न. तबेल्याच्या भिंतीवर शिंपीखडूनं तारीख घालून लिहिली.

८ मार्च

छप्पन्न.

१० मार्च

नातू झाला! सव्वातीन किलो. ही फोनवर हसत होती, रडत होती. मग म्हणाली, बाईसाहेबांना सांगा. जाऊन सांगितलं. एक कान हलवला त्यांनी.

छाती पंचावन्न. आजच्या दिवशी तरी खायचं होतंस गं.

१२ मार्च

आजची फजिती लिहू की नको असं झालंय. पण इथे कोण वाचतंय!

मेव्हणा गवताचे भारे टाकायला आला होता. त्याला घोडीचं सगळं सांगितलं आणि बहिणीला सांगणार नाहीस अशी शपथही घातली. तो म्हणाला, दाजी, जनावर वासावर चालतं. ताईचा रेनकोट अडकवा अंगात आणि जा घमेलं घेऊन. कल्पना झकास होती. हिचा पिवळा रेनकोट खिळ्यालाच होता. घातला. खांद्यात तटतटला, बाह्या कोपरापर्यंत, पाठीला चुणी. असला कोट घालून मी घोडीपुढेसुद्धा जाणार नाही. चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून असा कोट बाहेर पडलेला नाही.

तेव्हा आधी साबण लावून खळखळून धुतला. खिशांत सात वर्षांचा दाणा साठला होता, खिसे उलटे करून तेही घासले. वाळल्यावर शिवणी उसवल्या, खांदे सोडवले, बाह्यांना कापड जोडलं, पाठीला कळी घातली. दोन दिवसांचं काम दुपारी चारपर्यंत उरकलं. कोट अंगावर असा बसला की आरशासमोर दोनदा वळून पाहिलं. मग गेलो ऐटीत तबेल्यात. बाईसाहेबांनी एकदा हुंगलं आणि माझ्याकडे ढुंगण केलं.

मेव्हणा दारातच होता. जवळ येऊन त्यानंही बाही हुंगली. "दाजी, धुतलात?"

मी कोट काढून खिळ्याला अडकवला.

१३ मार्च

मेंढ्यांना वासाशी काही देणंघेणं नाही. पिवळं दिसलं की खाणं आलं, एवढंच त्यांना ठाऊक. सकाळी पावसाची भुरभुर होती म्हणून तोच कोट घालून पाव आणायला निघालो. फाटकाची कडी घालायला विसरलो असेन. रस्ताभर लोक हसत होते. मला वाटलं, कोटाचं कौतुक आहे. बेकरीच्या काउंटरपाशी मागे वळून पाहिलं तर अकरा मेंढ्या आणि वकील!

बेकरीवाला शांतपणे म्हणाला, "सगळे एकत्र आहेत की वेगवेगळे?"

छाती साडेचोपन्न.

१६ मार्च

आज डोकं चालवलं. हिचा वास नाही तर नाही, आवाज तर आहे! फोन आला तेव्हा तबेल्यातच होतो. स्पीकर लावला आणि म्हणालो, जरा बोलत रहा, मला ऐकायचंय. ही म्हणाली, बरं वाटतंय ना तुम्हाला? तीस वर्षांत असं कधी म्हणाला नाहीत. मग सुरू झाली. बाळाचं न्हाणं, जावयाचा स्वयंपाक, लेकीची झोप. मी फोन अलगद गव्हाणीत ठेवला. घोडीनं कान टवकारले, मान खाली घातली. मी घमेलं हळूच पुढे सरकवलं. तेवढ्यात वकील कोंबड्यांच्या जाळीत शिंगं अडकवून बसला, म्हणून तिकडे पळालो.

परत आलो तेव्हा ही विचारत होती, "अहो, काहीतरी बोला ना." आणि घोडीनं फोनवर नाक टेकवून जोरात फुर्र केलं. पलीकडून एकदम हळवा आवाज — रडताय का तुम्ही?

मी झडप घालून फोन उचलला. म्हणालो, छे, सर्दी झालीय. खुराक तसाच. फोन मात्र चाटून स्वच्छ.

१७ मार्च

छाती त्रेपन्न. आज माझीही पँट घसरतेय. कंबर मोजली. चौतीसची बत्तीस. टेप जुनी झाली असणार.

१९ मार्च

साडेबावन्न! अजून अर्धा इंच आणि मग डॉक्टर. लिहिताना खडू दोनदा मोडला.

आता लिहूनच टाकतो. स्वयंपाकघरात एकट्यानं बसून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दोन खुर्च्या, एक रिकामी. म्हणून आज ताट घेऊन तबेल्यात गेलो, स्टूल ओढलं आणि घोडीसमोर बसलो. ती माझ्या ताटाकडे बघेना, मी तिच्या घमेल्याकडे बघेना. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हणालो, तुझ्या मालकिणीमुळे ही वेळ आलीय दोघांवर. जी माझी कापडाची कात्री, जिला मी कागदसुद्धा दाखवत नाही, त्या कात्रीनं या बाईनं तुझी आयाळ कापली. कापली की नाही? धार गेली ती गेलीच. वर म्हणते, केसच तर होते.

घोडीचा कान वळला. मी पुढे चालू केलं. माझा चष्मा शोधून देते आणि मग दिवसभर ऐकवते. मला दुधाची साय आवडते हे ठाऊक असून ती मांजराला घालते. बोलता बोलता मी घास घेतला. आणि बाईसाहेबांनी घमेल्यात तोंड घातलं.

मी थबकलो, तीही थबकली. मी बोलू लागलो, ती चघळू लागली. दोन ओंजळी खुराक गेला! माझंही ताट कधी संपलं कळलं नाही.

२० मार्च

ताट घेऊन पुन्हा गेलो. हिची सगळी गाऱ्हाणी सात मिनिटांत संपली. इतकी वर्षं मला वाटत होतं, ढीगभर आहेत.

घोडी चघळायची थांबून बघत राहिली. काहीतरी बोलणं भाग होतं. मग ही पहिल्यांदा दुकानात आली ती गोष्ट सांगितली. कोटाचा खिसा फाटला होता. मी खिसा उलटा केला तर शिलाई मशीनवर सगळा दाणाच दाणा. म्हणालो, बाई, हा खिसा आहे की कोठार? म्हणाली, वाटेत कुणी भुकेलं भेटलं तर? तो खिसा मी दुहेरी अस्तर लावून शिवला. मजुरी घेतली नाही. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. घोडीला सांगितलं. अर्धं घमेलं संपवलं तिनं.

२६ मार्च

चोपन्न. माझी कंबर तेहतीस. डॉक्टर सहज डोकावला, भिंत वाचली, घोडीला थोपटलं. मग मला नीट न्याहाळून म्हणाला, आणि या दुसऱ्या पेशंटचं काय?

२ एप्रिल

छप्पन्न! नातवासाठी टोपडं शिवतोय, तेही तबेल्यातच. मशीनच नेऊन ठेवलंय तिथं. वकील दारात येऊन ऐकतो. सध्या धडका बंद आहेत.

हिचा फोन. म्हणाली, लेकीला आता जमतंय सगळं. येऊ का चार दिवस आधी? माझ्या तोंडून गेलं, "छे छे, रहा आरामात."

का म्हणालो असं! अजून अर्धा इंच कमी आहे म्हणून. हिनं आल्याबरोबर घोडी जशी ठेवून गेली तशी सापडायला हवी, म्हणून. पण फोन ठेवल्यावर मशीनवर नुसता बसून राहिलो. ये म्हणायला काय जात होतं?

७ एप्रिल

साडेछप्पन्न. माप पुरं!

९ एप्रिल

आली. घरात पाऊल न ठेवता थेट तबेल्यात. घोडीनं हिच्या खांद्यावर मान टाकली आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी बॅग घेऊन दारात.

इथवर सगळं छान. पाच वाजता हिनं स्वतः घमेलं भरलं, पुढे धरलं. घोडीनं हुंगलं आणि हिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. खाईना! हिनं चुचकारलं, हातावर दाणा घेतला. घोडीची नजर माझ्यावर, मग माझ्या स्टुलावर. मला धरणी दुभंगावी असं झालं. हिनं आधी स्टूल पाहिलं, मग मशीन, मग भिंत. खडूनं लिहिलेली सगळी ओळ वाचली, तारखांसकट. साडेछप्पन्न, छप्पन्न, पंचावन्न, त्रेपन्न, साडेबावन्न. रोज फोनवर मी काय सांगत होतो ते हिला आठवत असणार.

एक शब्द बोलली नाही. घमेलं माझ्या हातात दिलं आणि घरात गेली. मी स्टुलावर बसलो, पुटपुटलो, घोडी जेवली. ही जेवली नाही.

१० एप्रिल

सकाळी सात. बिछान्यात ही नाही, स्वयंपाकघरात नाही. तबेल्यातून आवाज आला म्हणून गेलो. माझ्या स्टुलावर बसून घोडीला सांगत होती, "माझा कोट उसवला, तो उसवला. थापा मारल्या, त्याही सोडून दिल्या. पण मी आपण होऊन विचारलं, येऊ का? तर म्हणतात, छे छे. चाळीस दिवसांत एकदा म्हणाले नाहीत गं, ये म्हणून." बाईसाहेब मन लावून खात होत्या.

घमेलं रिकामं होईपर्यंत दाराबाहेर उभा राहिलो. मग आत गेलो आणि म्हणालो, "ये."

म्हणाली, "आलेय की."

आजचं माप घ्यायचं राहिलं.