झऱ्यातल्या बाटल्या

उंबरटेप, ता. महाड
८ ऑगस्ट

चि. रूपालीस आईचे पोटभर आशीर्वाद.

त्या सकाळी मी चूल सारवली, भज्यांचं पीठ भिजवलं, आणि तुझे बाबा रोजच्यासारखे गोणपाट घेऊन झऱ्यात उतरले. गडावर जाणारे लोक टाकतात त्या बाटल्या काढायला. शेवाळावर पाय घसरला, ते परत वर आलेच नाहीत. मी चहा गाळत होते. तीन पावसाळे झाले, पण चहा गाळताना हात अजून थांबतो. त्या पाण्याला मी पाय लावलेला नाही.

रविवारी आपल्या भज्यांच्या टपरीवर एक गाडी थांबली. गाडीला तिरंगा, घसा बसेपर्यंत जयजयकार. भजी खाऊन झाल्यावर त्यांच्यातल्या बाईनं पोराचा भरलेला डायपर झऱ्यात भिरकावला आणि लगेच पुन्हा जय म्हणाली. मी म्हटलं की असल्या देशाची मला किळस येते. तेवढंच त्यांनी फोनवर धरलं आणि गावभर, जगभर पाठवलं. आता शिव्यांचे फोन येतात, म्हणून फोन बंद ठेवून पत्र लिहिते.

सरपंच राजश्री, जी माझीच भजी खाऊन वाढली, म्हणते की काकी, पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं माफी मागा, नायतर टपरीची जागा पंचायत काढून घेईल.

जावईबापूंना नमस्कार. नातवाला पापा.
तुझी आई, चंद्रभागा

पनवेल
११ ऑगस्ट

ती. आईस रूपालीचा साष्टांग नमस्कार.

भजी बांधायच्या जुन्या पेपरावरून वाचायला शिकलीस, आता त्याच पेपरात तुझा फोटो येईल! हसू नकोस, मी रडून झाल्यावर लिहिते आहे. इथं ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. एकीनं विचारलं की ही बाई तुमच्याकडची का. मी नाही म्हटलं. त्याची लाज वाटते.

तरी सांगते, माफी माग. देशाची किळस येते म्हणणं बरं नाय दिसत गो. टपरी गेली तर दिवसभर करशील काय?

औषध चुकवू नकोस. रागावू नकोस.
तुझीच रूपाली

उंबरटेप
१७ ऑगस्ट

चि. रूपालीस अनेक आशीर्वाद.

तू नाही म्हटलीस ते मी पोटात घातलं. लहानपणी तुझं नाक सदा वाहायचं. मी शी म्हणायची आणि पदरानं चोळून पुसायची, तू किंचाळेपर्यंत. शेजारच्या चांगूचंही वाहायचं. त्याला मी कधी शी म्हटलं नाही.

झेंडावंदनाला गेले. झेंडा वर गेला तसे डोळे भरून आले, दर वर्षी येतात. मग राजश्रीनं माइक दिला. मी म्हटलं की किळस येते ती आपल्याच घाणीची, तिची माफी मी मागणार नाही. कुणी टाळी वाजवली नाही. गावातली सुंदराबाई मागून म्हणाली की म्हातारी खुळावली हाय. राजश्रीनं खाली बघून सांगितलं की काकी, माझ्या हातात आता काय नाय. दुपारी पंचायतीच्या माणसांनी टपरी उचलून नेली. कढई तेवढी मी घरी आणली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई

ता. क. दुसऱ्या दिवशी मी गोणपाट घेऊन झऱ्यात उतरले.