मावल्याच्या घरातली पांढरी पावलं

तीर्थरूप चंपतदादा यांस,

धाकट्या वच्छलेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला बसला काय? इकडं मी बसली तर उठवत नाही अन् उठली तर बसवत नाही, पण ते म्हातारपण झालं, त्याचं मी मनावर घेत नाही. मनावर घेतलं आहे ते भेवाचं. फोनवर काऊन नाही सांगितलं म्हणसान, तर फोन लावून द्याले माझा पंढरी लागते, अन् पोटचा पोरगा असून तो सध्या माझ्याशी बोलत नाही. तुमीच सोयरीक जुळवलेली आमची सून शुभांगी पिशवी भरून मुधोळकडं माहेरी निघून गेली. ती परत येते की नाही या धाकानं पोटात अन्न ठरत नाही. (घरात अन्न शिजतच नाही ही गोष्ट वेगळी, ते पुढं येईन.)

तुमाले ठाऊकच आहे, या मावला गावातलं हे नवं घर अन् सून, दोन्ही एकाच महिन्यात आले. बोअर मारला, नळाले पाणी आलं, नवरी माप ओलांडून आत आली, अन् दुसऱ्या दिवसापासून तुरीची डाळ शिजणं बंद! कुकरच्या शिट्ट्या ऐकून शेजारची भाग्यलक्ष्मी विचाराले आली की टेशन इथं कधी आलं. तरी डाळ खाली खड्यासारखी अन् पाणी वरती निराळं. भात पिवळा. (म्या म्हणलं, हळद काऊन टाकली? सून म्हणे, नाही टाकली. आता न टाकता भात पिवळा होते काय?) चहा काळाकुट्ट. साबणाले फेस नाही, घासघास घासला तर फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या. पंढरीचे बनियन वाळले की इतके कडक, की भिंतीले टेकवून उभे करता येतात. अन् माझे केस, जे धरून तुमी मले लहानपणी मारत होते, ते सारे कंगव्यात. दादा, एका घराचं एकदम इतकं बिघडते काय? मी कोणाले काही म्हणलं नाही. फक्त पायगुण म्हणलं. तेही हळूच, स्वयंपाकघरात, ती समोर असताना.

मग खरं सुरू झालं. न्हाणीत पंढरीनं गिझर बसवला आहे. तो सकाळी तापाले लागला की आत कोणीतरी दात खाते, मग गुरगुरते, मग ठकठक करते. मी दाराबाहेरून धीर करून विचारलं, कोण आहे रे आत? तर एकदम चूप. (शुभांगी म्हणते तिनं त्याच वेळी बटन बंद केलं.) आंघोळ करून मी पोथी वाचाले बसली, वाचून उठली, अन् पाहते तर काळ्या फरशीवर पांढरी पावलं! ओली नाही, वाळलेली, पांढरीफट. न्हाणीपासून निघालेली, देवापाशी थांबलेली, अन् तिथून थेट माझ्या खाटेपाशी. पुढं जातच नाही, दादा. पुसून काढली तर दुसऱ्या दिवशी माझी आंघोळ झाली की पुन्हा हजर. पाऊल रुंद, टाचेले भेगा, एखाद्या म्हाताऱ्या हडळीचं असावं तसं. माय सांगत होती ती भानामती आठवली, कपड्यावर डाग उमटतात, भांड्यावर डाग उमटतात. इथं तर पेल्यावर डाग, आरशावर डाग, अन् नळाच्या तोटीले पांढरी दाढी फुटून राह्यली.

भगत आणला तर घर सोडून जाईन म्हणे पंढरी. (सरकारी कचेरीत बाबू आहे, त्याले लोकं काय म्हणतील याचं भेव. भेव आपल्या रक्तातच आहे.) म्हणून म्याच लिंबू कापला, कुंकू लावलं अन् तोटीखाली जिथं पांढरं जास्त तिथं अर्धा पालथा दाबला. अन् दादा, देवाशपथ सांगते, लिंबू बोलला! फसफस झालं, बुडबुडे निघाले, उचलून पाहते तर खालची फरशी लख्ख. म्हणजे जे काही होतं ते लिंबाले भ्यालं का नाही? शुभांगी दारात उभी होती. शांतपणे म्हणते, आई, बोअरचं पाणी जड आहे, त्याचा क्षार आहे तो, लिंबानं निघतेच. इतकी शांत! सासू लटलट कापून राह्यली अन् सून शांत कशी, मले तिचाच संशय आला. उरलेला अर्धा लिंबू म्या तिच्यावरूनच उतरवाले घेतला. हात फिरता फिरता तिचे डोळे भरून आले. पिशवी भरली, मले वाकून नमस्कार केला अन् बसस्टँडवर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

तरी दादा, तिकडचा एखादा जाणता माणूस पाहून ठेवा, भुतापासून घर मंत्रानं बांधून घ्या लागते. वहिनीले नमस्कार, लेकराबाळाले आशीर्वाद.

तुमची भेकड बहीण,
वच्छला

ता. क. – पाकीट चिकटवत होती, तेवढ्यात भाग्यलक्ष्मी आली. तिले सारं सांगितलं तर ती पोट धरून हसली अन् हात धरून मले तिच्या घरी घेऊन गेली. तिच्या गिझरातही गुरगुर, तिच्या तोटीलेही दाढी, तिच्या फरशीवरही पावलं. 'उप्पु नीळ्ळु' म्हणे, म्हणजे तिच्या तेलुगूत खारं पाणी, अख्ख्या गल्लीचं असंच आहे. वरणापुरतं गोडं पाणी सारे क्यानचं घेतात. तिच्या घरी तर अजून सूनच नाही, मग पायगुण कोणाचा सांगता? अन् त्या पावलांचं म्हणसान, तर घरी येऊन त्यावर माझाच ओला पाय ठेवून पाहिला. माझीच होती. जाणता पाहू नका.

दुसरा ता. क. – भुताचं भेव गेलं अन् खरं भेव आलं. पंढरी कचेरीतून येते, ताट सरकवते, खोलीत जाते. घर इतकं चूप असते की गिझर लावला तर सोबत वाटते. ती नाहीच आली तर मी काय करू, दादा? मी माफी-बिफी मागणार नाही, सासू आहे मी. तुमी फक्त तिच्या गावी जा अन् सांगा, सासूच्या घरी वरण शिजत नाही, तर तुमच्या विहिरीचं गोडं पाणी एक क्यान पाहिजे.

तिसरा ता. क. – ते पाणी शुभांगीनंच आणलं पाहिजे. गड्याच्या हाती पाठवलं, बसच्या ड्रायव्हरजवळ दिलं, तर मी दारातूनच परत करीन. रस्ता खराब आहे, बसमध्ये सांडलं तर सांडू द्या. रिकामा क्यान घेऊन आली तरी मले चालते.