शेंगा, चटणी आणि वाळलं गवत

आप्पा, माझ्या घरी सध्या गवत कुरिअरनं येतं. चोहोबाजूंनी कडब्याच्या गंजी असलेल्या आपल्या जिल्ह्यात, खोक्यात भरून, वर चिकटपट्टी लावून, परदेशातलं वाळलं गवत. ते आणून देणारा माणूससुद्धा पहिल्यांदा खोकं नाकाशी धरून विचारत होता की ताई, यात नेमकं आहे काय. तुम्ही असता तर पटका काढून डोकं खाजवलं असतं आणि दोन दिवस गावभर हीच गोष्ट सांगितली असती. हे गवत ज्यांच्यासाठी येतं ते दोन गिनी पिग तुमच्या नातीनं पाळलेत. नातीला तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली आणि आता अकरा वर्षांची आहे. गिनी पिग म्हणजे ससा आणि उंदीर यांच्या मधलं काहीतरी. शेपूट नाही, पाय आखूड, आणि भूक लागली की शिट्टी मारल्यासारखं ओरडतात. एकीचं नाव शेंगा, दुसरीचं चटणी. सोलापूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार? दूध नाही, लोकर नाही, लेंड्या मात्र पायलीभर. चाळीस मेंढरं सांभाळलेल्या माणसाला यात काही शहाणपण दिसलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

मी नाहीच म्हणणार होते. शेजारच्यांची पुण्याला बदली झाली, तिथल्या घरमालकाला जनावरं चालत नव्हती, म्हणून पिंजऱ्यासकट ती आमच्या दारात आली. गेल्या वर्षी शाळा बदलल्यापासून तुमची नात घुमी झाली होती. घरी आली की दप्तर टाकून खिडकीशी बसायची, विचारलं तर हं किंवा नाही, एवढंच. तुमचे जावई तिला जत्रेला घेऊन गेले, सायकल आणली, कशाचा उपयोग झाला नाही. आणि या दोघी आल्या त्या दुपारपासून ती पिंजऱ्यापुढं पालथी पडून बोलायला लागली. आधी त्यांच्याशी, मग त्यांच्याबद्दल आमच्याशी, मग शाळेतल्या मुलींशी. वर्गातल्या दोघीतिघी घरी येऊ लागल्या. उन्हाळ्यात थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची, कूलरसमोर पण थेट वाऱ्यात नाही, असं सगळं तिनंच शोधून काढलं. आता अशा पोरीला मी काय सांगणार होते, की मला गवत सोसत नाही?

पण सोसत नाही ते नाहीच. माझं नाक तुम्हाला माहीत आहे. आठवडाभरात डोळे सुजले, पंधरा दिवसांत छातीत पेटी वाजायला लागली. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात तपासणीला बसते, तिथं बाया विचारायला लागल्या की रडून आलीस का. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की त्रास जनावरांचा नाही, वाळल्या गवताच्या धुळीचा आहे. गवत घरातून काढा, नाहीतर पुढं दवाखान्यात झोपायची वेळ येईल. मी गुपचूप जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वाळलं गवत बंद केलंत तर यांचे दात वाढत जातील, खाणं बंद होईल, आणि मग फार दिवस काढणार नाहीत. म्हणजे गवत ठेवलं तर माझा श्वास जाणार, काढलं तर त्यांचा. राहता राहिला एकच मार्ग, त्यांना कुणाला तरी देऊन टाकणं, आणि ते पोरीला सांगायची माझी जीभ रेटत नव्हती. म्हणून मी काय केलं? डॉक्टरांनी दिलेलं दम्याचं फवाऱ्याचं औषध पिठाच्या डब्यामागं लपवलं आणि पिंजऱ्याच्या खोलीत जाणं सोडलं. पोर हाक मारायची, आई, चटणी बघ कशी उड्या मारतेय, आणि मी स्वयंपाकघरातूनच म्हणायची, असू दे, मला काम आहे.

तेव्हापासून तुमची आठवण फार येते. चांगली नाही, खरं सांगायचं तर टोचणारी. मी दहा वर्षांची आहे. ज्वारी निघालीय, कडबा बांधून झालाय. तुम्ही गंजीवर उभे आहात, मी खालून एकेक पेंडी वर देतेय. पाचसहा पेंड्या होतात न होतात तोच माझ्या शिंका सुरू होतात, एकामागं एक, थांबतच नाहीत. हातातली पेंडी सुटते. बांधावर पंगतीसारखी माणसं बसलीत, तुम्ही वरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "कामाच्या वक्ताला बऱ्या शिंका येत्यात तुला. जेवताना कशा येत न्हाईत त्या?" सगळे हसतात. मीही हसल्यासारखं करते आणि ओढ्यापर्यंत चालत जाते. तोंड धुते. त्यानंतर कितीतरी दिवस मी जेवताना नाक दाबून बसत होते, न जाणो जेवतानाच शिंक आली तर सगळे पुन्हा हसतील, आणि आली नाही तर तुम्ही पुन्हा बोलाल, या दोन्हींची भीती. पोराच्या डोक्यात काय काय चालतं, आप्पा.

पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही ती गोष्ट केलीत, जिच्यावरून गावानं तुम्हाला वर्षभर चिडवलं. माझी झोपायची जागा वैरणीच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. विहिरीनं तळ गाठलेला, अव्वा, माझी आई, लांबून दोन घागरी डोक्यावर आणायची. एका सकाळी मी बघितलं, तर तुम्ही त्या दोन्ही घागरी कडब्यावर ओतताय. हातानं शिंपडताय, पेंड्या उलथ्यापालथ्या करून पुन्हा शिंपडताय. असं तुम्ही चार दिवस केलंत, वरून ताडपत्री घातलीत. कोरडी वैरण ओली करू नये हे शेंबडं पोरही जाणतं. आठवडाभरात आत सगळी काळी बुरशी. मेंढरं तोंड लावेनात, शेरडांनीसुद्धा नाक मुरडलं, आणि शेरडांनी नाक मुरडलं म्हणजे बघा. अव्वानं कपाळाला हात लावला, म्हणाली, माणसाला प्यायला पाणी न्हाय आणि ह्यो बाबा कडब्याला पाजतोय. तुम्ही एवढंच म्हणालात, "धूळ बसंल म्हटलं." धूळ कुणासाठी बसायला हवी होती हे तुम्ही बोलला नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. पारावर माणसं म्हणायची, जन्म गेला जनावरांत आणि कडबा भिजवतंय बघा. तुम्ही चंची काढून पान लावत बसायचात.

बुरशीनं माझी छाती जास्तच भरली. तुम्ही मला एसटीत घालून शहरात डॉक्टरकडं नेलंत, आणि जूनमध्ये कपड्यांची पिशवी घेऊन मावशीच्या घरी सोडलंत. निघताना म्हणालात, "गावात तुजं काय काम न्हाय. हितंच ऱ्हा, शीक." दादा गावातच राहिला, मेंढरांमागं गेला. मला तेव्हा एवढंच कळलं की जी पेंडी उचलू शकत नाही तिला घरात जागा नाही. मावशीनं मला काही कमी केलं नाही. पण सुट्टीला गावी आले की मी पाहुण्यासारखी ओसरीवर बसायची, आणि तुम्हीही मला ओसरीच्या पुढं येऊ द्यायचा नाहीत. मेंढरांकडं निघाले की म्हणायचात, नगं, बस तितंच. तीस वर्षांहून जास्त काळ मी हे असंच धरून होते. लग्न झालं, नोकरी लागली, तरी मनात ते होतंच. बापाला नको होते मी.

दोन महिन्यांपूर्वी मी कामावरून घरी आले तर तुमची नात दाराशी बसलेली. शेजारी भाजीची टोपली, टोपलीत फडक्यावर शेंगा आणि चटणी, पिंजरा घासून पुसून भिंतीला टेकवलेला. डाळीचा डबा शोधताना तिला पिठाच्या डब्यामागं माझं औषध सापडलं होतं. तिनं वडिलांना फोन करून ते कशाचं आहे विचारलं, आणि मग वर्गातल्या मैत्रिणीला फोन करून जनावरं न्यायला बोलावलं. हे सगळं एकटीनं, न रडता. मी बूट काढायच्या आत ती म्हणाली, "आई, तुला त्रास होतो हे मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तुला वाईट वाटलं असतं म्हणून. तिनं टोपलीतलं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटलं तुला ती आवडत नाहीत. म्हणजे, मी त्यांच्याजवळ असले की तू येतच नव्हतीस. मला वाटलं, मीच आवडत नाही."

मी तिथंच पायरीवर बसले, आप्पा. तिला जवळ घेऊन रडले, खूप रडले, आणि शिंकलेही, कारण तिच्या फ्रॉकला गवत होतं. तेव्हा ती हसली. म्हणाली, हो बाजूला, आधी मी कपडे बदलते. मैत्रीण आली तेव्हा तिला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवणानंतर तसेच बसलो आणि काय करता येईल ते ठरवलं. खरं म्हणजे तिनंच ठरवलं, आम्ही माना हलवल्या. पिंजरा आता मागच्या गॅलरीत आहे, वर वाळ्याचा पडदा, मधलं दार बंद. गवताचं खोकं गच्चीच्या जिन्यात. रोज सकाळी तुमचे जावई तोंडाला मास्क बांधून गच्चीवर जातात आणि गवत झटकून धूळ वाऱ्यावर सोडतात. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस गच्चीत गवत झाडतोय, हे बघायला समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत येतात. मी कारखान्यातून युनिफॉर्मच्या कापडाचे उरलेले तुकडे आणले आणि त्यांच्या पिशव्या शिवल्या, पुढं दोन भोकं ठेवून, त्यातून तोंड घालून जनावरांनी गवत ओढून खायचं. त्यानं कचरा उडत नाही. निळ्या चौकड्यांच्या पिशवीतून शेंगा गवत खाते तेव्हा शाळेत निघाल्यासारखी दिसते. पोर गॅलरीतून आली की हातपाय धुऊन कपडे बदलूनच माझ्याजवळ येते. कंटाळा करत नाही, मीच कधीकधी म्हणते, राहू दे आजच्या दिवस, तर रागावते. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, चांगलं आहे, असंच चालू द्या. औषध निम्म्यावर आलंय. जनावरं राहिली, मीही राहिले. आता दाराच्या अलीकडून काचेतून मी त्यांना बघते आणि ती मला तिकडून सगळं सांगते, आज कोण रुसलं, कुणी कुणाची काकडी पळवली.

परवा तिनं विचारलं की लहानपणी मला त्रास व्हायचा तेव्हा आजोबा काय करायचे. मी तिला कडब्याला पाणी पाजल्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुझ्यासाठी केलं, आणि तू त्यांना कधी विचारलं नाहीस?" मग थोड्या वेळानं, "आणि तू त्यांना सांगितलंस का, तुला काय वाटायचं ते?" मी म्हटलं, आमच्यात असं बोलायची रीत नव्हती. तिनं खांदे उडवले. तिला ही रीत फार काही पटली नाही. येत्या रविवारी आम्ही गावी जातोय, दादाला फोन केलाय. तिला मेंढरं बघायची आहेत, मी मास्क घेऊन जाईन आणि ओसरीवर बसणार नाही.

हे सगळं मी तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, आणि ते तिथंच राहणार आहे. पण एक गोष्ट तिलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या दिवाळीला तुम्ही स्वतः दादाच्या फोनवरून बोलला होता. फोनवर बोलायचं म्हणजे तुम्ही हाक मारल्यासारखं ओरडायचात. म्हणालात, "कोकरं झाल्यात, लई ग्वाड हायती. जावयास्नी घिऊन ये. वैरण समदी रानात हलीवली, घराजवळ काडी ठिवली न्हाय." मी म्हणाले, आप्पा, माझ्या छातीला नाही झेपायचं. तुम्ही म्हणालात, बरं, बरं, जिवाला जप. माझी छाती त्या दिवशी अगदी ठणठणीत होती.